कागदाच्या पट्टीवरचं माझं रक्त

मला सांधेवात नव्हता. एवढं एक वाक्य कळायला माझी सव्वीस वर्षं गेली.

ज्या घरात एखादं मूल सारखं पांढुरकं पडतं, थंडीत हाडं धरून रडतं आणि दर डॉक्टर वेगळं नाव सांगतो, त्या घरासाठी मी हे लिहिते आहे. मी काही शिकलेली डॉक्टर नाही. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणं आणि बुरशी वाढवायच्या बशा भरणं हे माझं काम. पण आजार माझा आहे, तेव्हा त्याच्याबद्दल सांगायचा मला हक्क आहे.

या लिहिण्यात रडारड फारशी सापडणार नाही. मी धीराची आहे म्हणून नव्हे. आजार कळला त्या वर्षात मला बहुतेक वेळ काही वाटतच नव्हतं. हाताला मुंग्या येऊन तो मेला की सुई टोचलेली दिसते पण लागत नाही, तसं. ज्या डॉक्टरीणबाईंनी आजार शोधला त्या म्हणाल्या, तसं होतं तर तसंच लिहा. म्हणून तसंच लिहिते.

हाडांतलं दुखणं

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. आमच्याकडे ती रीतच आहे. सख्खी आत्या सासू झाली की पोरीला सासर परकं वाटत नाही म्हणतात. हे कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि हे, मी आणि आत्या असे तिघं पिंपरीला आलो. गावात चिमाबाईंच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. मी सातवी पास होते, हात नीटनेटका होता, म्हणून पुढे मलाही प्रयोगशाळेत घेतलं.

आमच्या विभागात ज्या बुरशीपासून औषध होतं तिचं बी तपासायचे. साहेब ते बी एका निळसर दिव्याखाली ठेवत. बहुतेक सगळं मरायचं. जे जगायचं ते मी भरलेल्या बशांवर पेरत, आणि मग एकेक ठिपका वेगळा काढून बघत, कुठला जास्त औषध देतो. साहेब एकदा म्हणाले होते, "सुमनबाई, बीजात एकदा बदल झाला की तो पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरतो. चांगला बदल शेकड्यात एखादाच सापडतो, म्हणून एवढ्या बशा." मी मान हलवली. बशा न सांडता फळीवर लावणं एवढाच माझा त्यातला भाग.

पौषातली सकाळ होती. बशांचा ट्रे उचलून मी दोन पावलं चालले आणि उजव्या मांडीच्या हाडात, आतून, कुणीतरी तापलेला खिळा ठेवल्यासारखं झालं. हे दुखणं मला नवं नव्हतं. लहानपणापासून दर थंडीत ते यायचं, तेल लावून, चादर बांधून आठ दिवसांनी जायचं. सांधेवात म्हणायचे. मी ट्रे आधी फळीवर ठेवला, मग खाली बसले. बसल्यावर ते पाठीत चढलं आणि पाठीतून छातीत. श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखं व्हायचं, म्हणून मी थोडा थोडा श्वास घेत राहिले.

ह्यांना वर्कशॉपमधून बोलावलं. कारखान्यासमोर, हमरस्त्याला इस्माईलभाईंचं लॉरी दुरुस्तीचं दुकान होतं. ते ह्यांचे दोस्त. दुरुस्तीला आलेली एक लॉरी त्यांनी मालकाला विचारून काढली, मागे पोती अंथरली आणि वर आपली गोधडी टाकली.

"वहिनी, खड्डे आले की मी आधी ओरडून सांगतो," ते म्हणाले. "तुमी तेवढा दांडा घट्ट धरा."

पिंपरीपासून पुण्याच्या दवाखान्यापर्यंत ते ओरडत होते. "खड्डा! वहिनी, खड्डा!" आज ते आठवून हसू येतं. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं की खड्डा येण्याआधी कुणीतरी सांगतं आहे.

दवाखाना

बायकांच्या वॉर्डात मी एकंदर पाच आठवडे होते. दिवस सगळे एकसारखे. पहाटे तोंडात थर्मामीटर, मग ॲल्युमिनियमच्या पेल्यात चहा, मग झाडणारी बाई, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. मोठे डॉक्टर खाटेशी फार थांबत नसत. गरम पाण्याची पिशवी सबंध ओळीत एकच होती. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी तिच्या वाट्याची पिशवी माझ्याकडे सरकवायची आणि नर्स आली की म्हणायची, "मला उकडतंय." पौषात कुणाला उकडतं?

आधी सांधेवात म्हणून इंजेक्शनं झाली. मग हाडाचा क्षय असेल म्हणून फोटो काढले. क्षय म्हटल्यावर आत्या एकदाच भेटायला आली आणि दारातच उभी राहिली. कडेवर माझी मुलगी होती, तीन वर्षांची. शांता तिचं नाव, पण आम्ही बेबीच म्हणतो. आत्याने तिला माझ्याजवळ सोडलं नाही. मीही हात पुढे केला नाही.

आत्या म्हणाली, "सुमे, तुह्या मायच्या घरचं दुखणं हाये हे. आमच्या घरात असं कोनाले नव्हतं."

मी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मनात काहीच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात फेरीत एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. वयाने माझ्याएवढ्याच, सुती पातळ, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, डोळ्यातला पिवळेपणा पाहिला, पायावरचा जुना, न भरणारा व्रण पाहिला. मग स्टूल ओढून बसल्या. वॉर्डात डॉक्टरांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"गाव कुठलं?"

"वर्ध्याकडे."

"नवरा नात्यातला?"

"आतेभाऊ."

"मुलं किती?"

"एक. म्हणजे दोन झाली. पहिला मधू, सव्वा वर्षाचा होऊन गेला."

"काय झालं होतं?"

मी सांगितलं. आधी हातापायांचे पंजे फुगले, पुरीसारखे. ते उतरले. मग दोन महिन्यांनी ताप आला, पोट डाव्या बाजूने टणक झालं, ओठ कागदासारखे पांढरे पडले आणि एका दिवसात संपलं. गेला त्या सकाळी मी त्याला आंघोळ घातली होती. आत्या म्हणते थंड पाण्याने घातली. मी कोमट पाण्याने घातली होती. पण इतकी वर्षं ऐकून ऐकून पाणी कोमट होतं की थंड, हे माझं मलाच आठवेनासं झालं होतं.

बाईंनी हे सगळं लिहून घेतलं. मग माझ्या बोटाला सुई टोचली, काचेच्या तुकड्यावर रक्ताचा थेंब घेतला, वर पातळ काच ठेवली आणि कडेने व्हॅसलीन लावून हवा बंद केली. "हे उद्या बघू," त्या म्हणाल्या.

विळे

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चाकाच्या खुर्चीतून खालच्या प्रयोगशाळेत नेलं. सूक्ष्मदर्शकात डोळा कसा लावायचा हे मला ठाऊक होतं. कारखान्यात साहेबांनी बुरशी दाखवली होती. आधी त्यांनी स्वतःचं रक्त दाखवलं. गोल गोल टिकल्या. मग माझं. त्यात गोल फार थोड्या होत्या. बाकी लांब, वाकड्या, दोन्हीकडून टोकदार. आमच्याकडे ज्याने ज्वारी कापतात त्या विळ्यासारख्या.

"हे विळे बारीक नळ्यांत अडकतात," बाई म्हणाल्या. "अडकले की पुढे रक्त जात नाही. मग दुखतं. आणि ते लवकर मरतात, म्हणून रक्त कमी पडतं."

"मग सांधेवात?"

"नाही. तो तुम्हाला कधीच नव्हता."

पण त्यांना अजून एक खात्री करायची होती. प्रयोगशाळेत पारदर्शक पेटीसारखं एक उपकरण होतं, तिथल्याच कुणी जोडून केलेलं. गाळणकागदाची लांब अरुंद पट्टी औषधी पाण्यात भिजवायची, तिच्यावर रक्तातल्या लाल द्रव्याचा ठिपका ठेवायचा आणि दोन्ही टोकांतून वीज सोडायची. वीज तो ठिपका ओढत नेते. निरोगी माणसाचा पुढे जातो. माझा मागे राहिला. दोन पट्ट्या वाळवून, रंगवून बाईंनी शेजारी शेजारी धरल्या. फरक बोटाच्या पेराएवढाही नव्हता.

"एवढ्यानं?" मी विचारलं.

"याहूनही थोड्यानं. नुकताच विलायतेत शोध लागला आहे. हे लाल द्रव्य म्हणजे एक लांब माळ समजा. तिचे तुकडे करून त्यांनी असेच कागदावर पसरले. निरोगी माळेचे ठिपके एका कागदावर, तुमच्यासारख्याच्या माळेचे दुसऱ्यावर. सगळे ठिपके जागच्या जागी, फक्त एक सरकलेला. सबंध माळेत एक मणी वेगळा."

"बीजातच बदल," मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "हो. आईकडून एक बीज येतं, बापाकडून एक. तुमच्यात दोन्ही बिघडलेली आली. एकच आलं असतं तर तुम्हाला काही झालं नसतं."

"आणि मधू?"

"मधूला हाच आजार होता. हात फुगणं, पोट टणक होऊन एका दिवसात पांढरं पडणं, हेच असतं ते."

"आंघोळीनं नाही?"

"आंघोळीनं नाही."

मला वाटलं आता रडू येईल. मी वाट पाहिली. बाईही थांबल्या. काही आलं नाही. मी विचारलं, "इथे प्यायचं पाणी कुठे मिळेल?" त्यांनी स्वतः पेला भरून आणला.

औषध काय, हे मी त्यानंतर विचारलं. बाईंनी लपवलं नाही. "याला मुळातून बरं करणारं औषध नाही. पाणी भरपूर प्यायचं. थंडीत अंग उघडं टाकायचं नाही. ताप आला की घरी थांबायचं नाही. रक्त फार उतरलं तर बाहेरून देऊ." जी गोष्ट विलायतेत इतक्या जणांना माहीत होती, ती आम्हाला सांगायला सव्वीस वर्षं कुणी भेटलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

ह्यांचं रक्त

त्याच आठवड्यात माझं रक्त फार उतरलं. उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बाहेरून रक्त द्यायचं ठरलं. ह्यांना निरोप गेला. शिफ्ट अर्धी टाकून, हाताला ग्रीस तसंच, हे आले. सोबत इस्माईलभाई. ह्यांनी बाही आधीच वर केलेली होती.

"माह्यं घ्या. लागंन तेवढं घ्या," हे बाईंना म्हणाले.

दोघांचाही गट जुळला. पण बाईंनी ह्यांच्या रक्ताचा थेंब आधी काचेखाली बंद करून ठेवला आणि इस्माईलभाईंना पुढच्या खाटेवर झोपवलं. हे चिडले. "मी नवरा हाय. माह्यं काहून नाही?"

"उद्या सांगते."

इस्माईलभाई छताकडे बघत पडले होते. बाटली भरत होती. "वहिनी," ते म्हणाले, "आता तुमाला माझ्यासारखं लॉरीच्या आवाजावरनं बिघाड कळायला लागला तर मला बोल लावू नका." वॉर्डात दोघी-तिघी हसल्या. हे हसले नाहीत.

ते रक्त अंगात गेल्यावर तासाभराने माझे पाय गरम झाले. कित्येक दिवसांनी. मी पांघरुणात पायाची बोटं हलवून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ह्यांनाही खाली नेलं आणि काच दाखवली. ह्यांच्याही रक्तात विळे निघाले. मग पट्टी केली. तिच्यावर दोन रेघा उमटल्या, एक पुढे गेलेली, एक मागे राहिलेली. चांगलं बीज एक, बिघडलेलं एक. म्हणून ह्यांना आयुष्यात काही झालं नाही, पण मुलांना द्यायला ते ह्यांच्याकडे होतंच.

"म्हणजे मधूले ते माह्याकडूनबी गेलं," हे म्हणाले.

"दोघांकडून गेल्याशिवाय हा आजार होत नाही," बाई म्हणाल्या. "यात कुणाची चूक नाही."

हे उठले, टोपी घातली आणि कामावर गेले. चार दिवस आले नाहीत. इस्माईलभाईंकडून कळलं की हे जेवायच्या सुट्टीत दुकानाबाहेरच्या टायरवर बसतात आणि भोंगा झाला की उठून जातात. पाचव्या दिवशी हे आले ते बाजरीची भाकरी घेऊन. खाटेवर बसून मला तुकडे करून देऊ लागले. मी खात होते. नवरा-बायकोत भांडण होतं तेव्हा काहीतरी असतं तरी. आमच्यात त्या महिन्यात काहीच नव्हतं. फक्त भाकरी होती.

घरी आत्याला ह्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी सुटून घरी आले तेव्हा ती चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा माझ्या आंघोळीचं पाणी तापलेलं होतं, आणि त्यानंतर रोज तापलेलं असायचं. आंघोळीच्या पाण्याबद्दल ती पुन्हा एक शब्द बोलली नाही.

चिमाबाई दुपारी यायच्या, गरम केलेल्या वाळूची पुरचुंडी पदरात धरून. "आमाला काय कळत न्हाई बया तुजं त्ये रगात," त्या म्हणायच्या. "पर शेक घेतला की बरं वाटतंय न्हवं? मग झालं."

बरं वाटायचं.

बेबी

आता बेबीचं रक्त तपासायचं उरलं होतं.

बाईंनी मला हिशोब सांगितला होता. माझ्याकडून मुलाला बिघडलेलंच बीज जाणार, कारण दुसरं माझ्याकडे नाहीच. ह्यांच्याकडून कधी चांगलं जाईल, कधी बिघडलेलं. म्हणजे प्रत्येक मुलाचं अर्धं अर्धं, नाणं उडवल्यासारखं. मधूच्या वेळी ते वाईट बाजूला पडलं. बेबी तीन वर्षांची झाली होती, तिचे पंजे कधी फुगले नव्हते. पण मीही तीन वर्षांची असताना खेळत होतेच की.

हे म्हणाले, "कायले पायतेस? नाही कळलं तर काय बिघडते? औषध तर नाहीच हाय."

"ताप आला तर कळेल ना, दवाखान्यात किती धावत जायचं ते."

"मी सांगतो, नाही न्यायचं."

मी रविवार जाऊ दिला. सोमवारी हे पहिल्या पाळीला गेल्यावर बेबीला स्वेटर घातला आणि बसने पुण्याला गेले. लग्नापासून ह्यांचा शब्द मी पहिल्यांदा मोडला. भीती वाटायला हवी होती. मी बसच्या खिडकीतून बघत होते, बेबी बैल मोजत होती, तिला चारपर्यंतच येत असल्यामुळे पाचव्या बैलाला ती पुन्हा एक म्हणायची.

सुई टोचल्यावर ती रडली. मग बाईंनी तिला एक रिकामी काचेची बाटली खेळायला दिली, ती घेऊन ती गप्प झाली.

निकालाला आठ दिवस होते. ते आठ दिवस मी कामावर गेले. बशा भरल्या, फळीवर लावल्या. साहेबांनी विचारलं, "बरं आहे ना आता?" मी म्हटलं, "बरं आहे." घरी आल्यावर बेबीचे हात मी धुवायची आणि पुसताना एकेक बोट दाबून बघायची. ह्यांना मी सांगून टाकलं होतं. हे ऐकून कामावर निघून गेले. पण आठव्या दिवशी सकाळी पाहते तो हे कामाचे कपडे न घालता पायरीवर बसलेले. "चाल," म्हणाले.

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. मी आधी ती मोजली. दोन रेघा. एक पुढे, एक मागे.

"हिला आजार नाही," बाई म्हणाल्या. "वडिलांसारखं आहे. ही जगेल, खेळेल, सगळं करेल. फक्त एक लक्षात ठेवा. हिचं लग्न ठरवाल तेव्हा मुलाच्या रक्ताचीही अशी पट्टी करून घ्या. आणि नात्यात देऊ नका."

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. माझ्या मनात आलं, ह्यांनी आज आंघोळ केली आहे, केस ओले आहेत. एवढंच. बाहेर आल्यावर ह्यांनी केळी घेतली. मी दोन खाल्ली. केळी गोड होती, हे मला कळलं. त्या दिवसाचं तेवढंच मला सांगता येतं.

वाचणाऱ्यांना इथे मी एक सांगते. चांगली बातमी आली तरी लगेच आनंद होईलच असं नाही. तुम्हाला झाला नाही तर तुम्ही वाईट आई ठरत नाही. मी बाईंना विचारून घेतलं आहे.

आई

माहेरी मी सगळं सविस्तर कळवलं. दोन्ही बीजं लागतात, आईचं एक आणि बाबांचं एक, हे दोनदा लिहिलं, कारण पत्र दादा वाचून दाखवणार आणि तो घाईत वाचतो. बाबा तर पाच वर्षांमागेच गेले.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी आईच आली. गावचा एक माणूस पुण्याला येत होता, त्याच्यासोबत. ती आयुष्यात वर्ध्याच्या पुढे आली नव्हती. खोलीत आली, पाणी प्यायली, आत्याकडे पाहिलं. आत्या तिची नणंद. दोघींनी एकमेकींना नमस्कार केला. मग आई मला म्हणाली, "तो कागद कुठी हाये?"

"कुठला?"

"रक्ताचा. मले पायचा हाये."

"तो दवाखान्यात असतो, आई."

"मंग चाल दवाखान्यात."

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले. बाईंनी माझी पट्टी काढून तिच्यापुढे ठेवली, शेजारी ह्यांची आणि बेबीची. समजावून सांगितलं. आईने पट्टीला हात लावला नाही. वाकून, पदर सावरून पाहिलं.

"हे एवढं तिच्या बापाकडून?"

"अर्धं बापाकडून, अर्धं तुमच्याकडून."

"अर्धंच?"

"अर्धंच."

आई सरळ झाली. तिने चोळीची बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. "घ्या माह्यंबी."

बाई म्हणाल्या, "आजी, तुमचं घ्यायची गरज नाही. सुमनबाईंच्या पट्टीवरून कळतंच, तुमच्यात एक असणार."

"तुमाले गरज नसंन. मले हाये. माह्या नावाचा कागद पायजे मले."

बाईंनी सुई घेतली. हात सुरकुतलेला, शीर सापडत नव्हती, तीनदा टोचावं लागलं. आईने हात हलवला नाही. मग बाईंनी नवा कागद पुढे ओढला आणि तिचं नाव, गाव लिहिलं.

"मुलं किती झाली?"

"आम्ही दोघं," मीच म्हणाले. "दादा आणि मी."

"पाच," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"पाच झाले. तुमच्या दोघाच्या आंधी तिघं होते." ती माझ्याशी नव्हे, बाईंशी बोलत होती. "तिसरा गेल्यावर गावानं मले पोरंखाई म्हटलं. बारशाले बलावत नव्हते. कोनाचं लेकरू उचलू देत नव्हते. हिच्या बापानं सांगतलं, आता त्याहिचं नाव घरात काढाचं नाही. मी नाही काढलं."

आत्यालाही हे माहीत असणार. आमच्या घरात असं कोणाला नव्हतं, असं म्हणणाऱ्या आत्याला. पण त्या वेळी माझ्या मनात आत्या आली नाही. मी आईचा टेबलावरचा हात बघत होते. टोचलेल्या जागी कापसाचा बोळा धरायचा ती विसरली होती आणि रक्ताची बारीक धार मनगटापर्यंत आली होती. मी बोळा घेऊन दाबून धरला. हात गरम होता, हे मला कळलं. रक्त थांबलं तरी मी तो सोडला नाही.

बाईंनी लेखणी उचलली. "त्यांची नावं सांगाल?"

आईने पदराने तोंड पुसलं.

"गजानन," ती म्हणाली. "मोठा. अडीच वर्साचा झाला होता. चालाले लागला होता, मंग पाय सुजले तं बसला तो बसलाच. पिवळा पडला. डोये हळदीसारखे."

बाईंनी लिहिलं.

"कौसल्या. ती बोले लय. दोन वर्साची. हात फुगले तं मले म्हने, माय, माह्या हाताची भाकर झाली."

बाईंनी तेही लिहिलं, जसंच्या तसं.

"आन् किसना."

"त्याचं वय?"

"वय नाही सांगता येत. दात आले होते त्याले. चार. दोन वर, दोन खाली."

बाईंनी लिहिलं, किसना, चार दात. मग लेखणी थांबवून त्यांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं, आई थकली असेल. म्हणाल्या, "आजी, राहू द्या आता. एवढं पुरे."

आईने दुसरा हातही टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

"नाही, बाई," ती म्हणाली. "अजून इचारा."